परात रिकामी करायची राहिली

प्रेमराज बोरसे यांच्या हातून कधी चूक होत नाही, असं एका माणसाचं ठाम मत होतं, आणि तो माणूस म्हणजे स्वतः प्रेमराज बोरसे. पाटबंधारे खात्यात उभी नोकरी त्यांनी स्टोअरकीपर म्हणून काढली आणि निवृत्तीच्या दिवशी शेवटचा नट न्‌ शेवटचा वॉशर जागच्या जागी मोजून देऊन ते जळगावच्या आपल्या घरी आले. ऑफिसने शाल दिली, नारळ दिला. नारळ नासका निघाला, पण ती चूक प्रेमराजभाऊंची नव्हे.

घरी आल्यावर मोजायला काही उरलं नाही. मग त्यांनी घरच मोजायला घेतलं. फडताळातले चमचे मोजले, वाट्या मोजल्या, गॅलरीतले कपड्यांचे चिमटे मोजले आणि एक चिमटा कमी भरतो म्हणून कोकिळाबाईंना लेखी खुलासा मागायच्या बेतात होते. कोकिळाबाई म्हणजे सौ. त्यांनी उरलेले चिमटे पुढ्यात आणून ओतले आणि म्हणाल्या, "अहो, हे घ्या आणि गच्चीवर जाऊन बसा. मला स्वयंपाक करू द्या."

अशा अवस्थेत एकदा जेवताना विषय निघाला. त्यांची सून सारिका तंत्रनिकेतनात सी प्रोग्रॅमिंग शिकवते. मुलगा पुण्याला नोकरीत, सून इथे, शनिवार-रविवारचा संसार. असो, तो आपला विषय नाही. सारिका पेपर तपासून वैतागली होती. म्हणाली, "पप्पा, काय सांगू! दरवर्षी मुलं त्याच त्याच चुका करतात. चुकांची यादी छापून हातात दिली तरी करतात."

"मग त्यांनी त्या करू नयेत," भाऊंनी आमटीचा भुरका मारत निकाल दिला. "यादी हातात असताना माणूस चुकतो म्हणजे काय? आम्ही उभ्या नोकरीत—"

"करून बघा ना पप्पा," सारिका म्हणाली. ती गरीब स्वभावाची मुलगी, तिच्या मनात काही नव्हतं. पण शेजारी बसलेली मेघा, म्हणजे भाऊंची धाकटी, फिसकन हसली, आणि ते हसू भाऊंच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून भाऊ एका कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटच्या पायऱ्या चढले.

तिथे फॉर्म कॉम्प्युटरवर भरायचा होता. नाव झालं, पत्ता झाला आणि 'पालकाचे नाव' या रकान्याशी गाडी अडली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, तो रकाना रिकामा सोडला तर पुढे जातच नाही."

"अहो, पण मी स्वतःच पालक आहे. माझ्या मुलीचं दिवाळीनंतर लग्न आहे."

"वडिलांचं नाव टाका आणि मोबाइल नंबर."

"वडील वारले."

"सॉरी हं काका. मग दुसरे पालक?"

शेवटी पालक म्हणून कोकिळाबाईंचं नाव लागलं. 'नाते' या रकान्यात आई, वडील, मामा आणि इतर एवढ्याच सोयी होत्या. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कोकिळाबाई अशा रीतीने भाऊंच्या 'इतर' झाल्या. त्यावर पुन्हा शाळा सोडल्याचा मूळ दाखला हवा, आणि सध्या दुसऱ्या कुठल्या वर्गात प्रवेश घेतलेला नाही असं स्वतःच्या सहीचं पत्र हवं. भाऊंनी तेही दिलं. सरकारी माणूस कागदाला कधी भीत नाही.

पण त्या मोबाइल नंबरने पुढे घात केला. एका दुपारी वर्ग बुडवून भाऊ शेजारच्या जीवरामभाऊंबरोबर चौकात भजी खायला गेले. डॉक्टरांनी भजी बंद केलेली. इकडे कोकिळाबाईंच्या फोनवर मेसेज आला, 'आपला पाल्य प्रेमराज आज वर्गात गैरहजर आहे.' भाऊ तोंड पुसून, वही काखेत मारून घरी आले तर पालक दारातच उभे. "काय शिकवलं आज?" कोकिळाबाईंनी विचारलं. भाऊ 'लूप' म्हणाले. मग व्हायचं ते झालं. पुढे पालक सभेलाही त्या हौसेने नवी साडी नेसून गेल्या आणि 'पाल्य हुशार आहे, पण सरांना मधे मधे फार टोकतो' हे ऐकून समाधानाने परत आल्या.

अभ्यासाचं मात्र मानलं पाहिजे. 'नेहमी होणाऱ्या चुका' अशी एक छापील यादी सरांनी दिली होती, ती भाऊंनी फ्रिजवर चिकटवली आणि एकेक चूक ओळीने स्वतः करून पाहिली. मुद्दाम नव्हे, आपोआपच. ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायचा राहिला म्हणून मशीनने पहिल्याच दिवशी त्यांच्या तोंडावर लाल अक्षरं फेकली. तो अपमान मनात ठेवून त्यांनी दुसऱ्या दिवसापासून दिसेल त्या ओळीला अर्धविराम दिला. जिथे द्यायचा नसतो तिथेही दिला. त्याबरोबर मशीन गप्प. भाऊ बराच वेळ अदबीने वाट पाहत बसले, कारण साहेब विचारात असताना मधे बोलायचं नसतं हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. शेवटी सर येऊन म्हणाले, "काका, ते जन्मभर असंच फिरत राहील. बंद करा."

एकदा त्यांनी घरातल्या सगळ्यांच्या वयांची बेरीज करायला मशीनला सांगितलं. उत्तर उणे लाखांत आलं. कोकिळाबाईंना ते फार आवडलं, पण भाऊ खवळले. सरांनी समजावलं, "काका, बेरीज ठेवायची ती जागा तुम्ही आधी शून्य केली नाहीत. भाड्याची खोली घेतली की आधी झाडून घेतो ना आपण? जुन्या भाडेकरूचा कचरा असतो." हे भाऊंच्या डोक्यात असं काही बसलं, की त्या दिवसापासून कुठलाही प्रोग्रॅम लिहिताना सगळ्यात वर, देवाचं नाव घालावं तसं ते 'बेरीज बरोबर शून्य' घालू लागले. मग सव्वाची गंमत. पूर्णांकाच्या खणात सव्वा ठेवला तर मशीन वरचा पाव खाऊन नुसता एक परत देतं, हे पाहून त्यांना धक्काच बसला. सव्वाला आपल्याकडे केवढा मान! पण तेही ते शिकले, अपूर्णांकाचा खण वापरू लागले. एकूण श्रावण लागेपर्यंत यादीतली प्रत्येक चूक करून झाली आहे आणि यापुढे करायला चूकच शिल्लक नाही, अशी भाऊंची खात्री पटली.

आणि नेमकी त्याच वर्षी कानबाई त्यांच्या घरी बसायची ठरली.

नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी कानबाई, ही आमची खानदेशची देवी, घरात बसते. बोरशांची कानबाई आजवर शिंदखेड्याकडच्या त्यांच्या मूळ गावीच बसायची. भाऊबंदांची चार घरं, एक गावचं, एक धुळ्याचं, एक भाऊंचं जळगावचं, एक सुरतचं. सगळी तिथे गोळा व्हायची. "मेघा सासरी जाण्याआधी एकदा तरी कानबाई आपल्या दारी येऊ द्या," असं कोकिळाबाईंनी भिकुबाई काकूंच्या पायावर डोकं ठेवून मागून घेतलं होतं. भिकुबाई काकू म्हणजे घराण्यातलं सगळ्यात जुनं माणूस, गावच्या घराची मालकीण. त्या हो म्हणाल्या, पण बजावून. कानबाईचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पुरणपोळ्या, फक्त भाऊबंदांनी खायचे. घरचे पुरुष, सुना आणि लग्न न झालेल्या मुली. लग्न होऊन गेलेल्या मुलीला चालत नाहीत, शेजाऱ्याला चालत नाहीत. आणि पौर्णिमा सरायच्या आत शेवटचा घास संपला पाहिजे. "उरनं ते टाकता येत नही, ठेवता येत नही," काकू म्हणाल्या. "आनि जे घरमा उरनं, ते घरमा परत कानबाई बसत नही." लेकीच्या लग्नाच्या वर्षी देवीचं अन्न टाकायची पाळी येणं म्हणजे काय, हे कोकिळाबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी त्या दिवसापासूनच देवाजवळ दिवा लावायला सुरुवात केली.

आता रोटाचं धान्य मोजायची बोरशांची एक रीत आहे. घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा ओंजळ गहू आणि तेवढीच हरभऱ्याची डाळ मोजायची. ओंजळ काकूंचीच. पण आषाढात काकू ओट्यावरून घसरल्या आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. एका हाताची ओंजळ होत नाही आणि दुसऱ्या कुणाची त्या चालू देईनात. सगळे चिंतेत पडले. तेव्हा प्रेमराजभाऊ घसा खाकरून पुढे सरसावले.

"मी प्रोग्रॅम लिहितो," ते म्हणाले. गेल्या वर्षी गावच्या घराचं दळण गिरणीच्या काट्यावर किती भरलं, ते काकूंचा मुलगा भिकन याला आठवत होतं. त्यावरून माणशी वजन काढायचं, प्रत्येक घरातली नावं मशीनला द्यायची आणि प्रत्येक घराने आपापलं किती धान्य आणायचं ते किलोत सांगायचं. "मशीनले देवीनं काय समजस रे?" काकूंनी विचारलं. पण दुसरा इलाज नव्हता.

भाऊंनी दोन दिवस खपून प्रोग्रॅम लिहिला. सगळ्यात वर 'बेरीज बरोबर शून्य' न विसरता घातलं. सव्वा अपूर्णांकाच्या खणात ठेवला. एकेक घर, घरातला एकेक माणूस, माणसामागे वजन मिळवायचं, घर संपलं की बेरीज छापायची. गावच्या घराचा आकडा आला तो भिकनच्या आठवणीशी तंतोतंत जुळला. भाऊंना भरून आलं. सारिका परीक्षेच्या गडबडीत होती, तरी म्हणाली, "पप्पा, एकदा मला दाखवा ना." भाऊ नुसते हसले. ज्याच्या हातून चुका व्हायच्या संपल्या आहेत, तो माणूस कुणाला दाखवत बसत नाही. त्यांनी चार घरांना चार आकडे व्हॉट्सअॅपवर पाठवून दिले.

शनिवारी मंडळी आली. गावचे लोक एसटीने आले, सोबत एक पिशवी गहू, एक पिशवी डाळ. धुळ्याचे आले ते जरा मोठ्या पिशव्या घेऊन. भाऊंनी आपल्या घराचं आधीच आणून ठेवलं होतं, ते धुळ्याहून जास्त. संध्याकाळी सुरतेचा भाईदास आला. भाईदास भाऊंचा चुलतभाऊ, साड्यांच्या धंद्यात. त्याने स्टेशनवरून रिक्षातून चक्क पोतं उतरवलं.

भाऊ पोत्याकडे पाहत राहिले. भाईदासने खिशातून रुमाल काढून घाम पुसला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, सुरतवाल्यांकडे पैसा आहे म्हणून पोतं लावलंत ना? लावा, लावा. आम्हीही काही कमी नाही. वर पाच किलो जास्तीचं टाकलंय."

आता खरं तर तिथल्या प्रत्येकाच्या डोळ्यांना दिसत होतं, की काहीतरी गडबड आहे. पण आणखी एक रीत अशी, की देवीच्या नावाने आलेलं धान्य पुन्हा मोजायचं नाही आणि 'जास्त झालं' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. धुळ्याच्या लोकांना वाटलं, गावच्यांनी हात आखडला. गावच्यांना वाटलं, शहरात अशीच पद्धत असेल. भिकनने तोंड उघडलं तेवढ्यात काकू डोळे वटारून म्हणाल्या, "देवीनं शे. बोलानं नही." झालं. भिकनने तोंड मिटलं आणि सगळं धान्य गिरणीवर गेलं. गिरणीवाल्याने कानबाईसाठी चक्की धुऊन पुसून ठेवली होती. तो म्हणाला, "भाऊ, देवी एकच आहे ना?"

रविवारी सकाळी बायका पीठ मळायला बसल्या. घरातल्या पराती संपल्या, मग शेजारच्या शेवंताबाईंच्या, मग त्यांच्या पलीकडच्यांच्या आणल्या. सारिका पुरण वाटता वाटता उठली, हात धुतले आणि सासऱ्याला म्हणाली, "पप्पा, तो प्रोग्रॅम जरा उघडा."

भाऊंनी उघडला. तिने वरपासून खालपर्यंत एकदा नजर फिरवली. तेवढंच. मग ती आवाज बारीक करून म्हणाली, "पप्पा, बेरीज शून्य केलीत, पण सगळ्यात वर एकदाच केलीत. गावचं घर मोजून झाल्यावर परात रिकामी करायची होती. तुम्ही त्याच परातीत धुळ्याचं मोजलंत. मग त्याच्यावर जळगावचं. मग सुरतचं सगळ्यांच्या डोक्यावर."

"पण गावचं बरोबर आलं होतं!"

"पहिलं घर बरोबरच येणार ना पप्पा. परात तेव्हा रिकामीच होती."

भाऊ खुर्चीवर बसले. ही चूकही फ्रिजवरच्या यादीत होती, शेवटून दुसरी. ती त्यांनी वाचली होती, खाली रेघही मारली होती, आणि 'एवढं कोण विसरतं!' असं समासात लिहिलं होतं. त्यांना एकदम आपल्या नोकरीतले सगळे वॉशर आठवले आणि रडूच यायला लागलं. "कोकिळाला सांगू नकोस," ते म्हणाले. सारिकाने मान डोलावली. पण दारात मेघा उभी होती. या वेळी ती हसली नाही, आणि त्याचं भाऊंना जास्त वाईट वाटलं.

कानबाई छान बसली, यात वाद नाही. रात्रभर गाणी झाली, सकाळी वाजतगाजत विसर्जन झालं. कोकिळाबाईंच्या चेहऱ्यावर असं तेज होतं, की भाऊंना बघवेना. कारण मागे स्वयंपाकघरात, माजघरात, जिन्याखाली, जिकडे बघावं तिकडे टोपल्यांतून जाडजूड पुरणाचे रोट रचलेले होते. एरवी सोमवारी दुपारच्या गाडीने भाऊबंद पांगतात. काकूंनी टोपल्यांवरून एकदा नजर फिरवली आणि हुकूम सोडला, "कोनी जावानं नही."

मग जो प्रकार सुरू झाला तो कॉलनी अजून सांगते. सकाळी रोट दुधाशी, दुपारी रोट तुपाशी, रात्री रोट दह्याशी. पहाटे पहाटे सगळं बोरसे घराणं पोटात जागा करायला कॉलनीला फेऱ्या मारू लागलं. पुढे काकूंचा भिकन, मधे सुरतवाले, मागे पोटावर हात ठेवून भाऊ. ज्यांना साखरेचा त्रास, ते आधी गोळी आणि मग रोट खात होते. धुळ्याच्या पुतण्याने साहेबांना फोन करून रजा वाढवून मागितली. साहेबांनी विचारलं, "कोण आजारी आहे?" तो म्हणाला, "अजून कोणी नाही." कारणाच्या जागी काय लिहायचं यावर ऑफिसात बराच खल झाला आणि शेवटी 'धार्मिक भोजन (चालू)' असं लिहून अर्ज मंजूर झाला.

शेजाऱ्यांच्या सल्ल्याला तर ऊत आला. शेवंताबाईंचं म्हणणं, रोट वाळवून चुरा करा, वर्षभर लाडू होतील. त्यांना पौर्णिमेची अट समजावून सांगितली. कुणी म्हणालं गाईंना घाला. गाईला गोग्रास एकच, तो दिला होता. जीवरामभाऊ रोज कुंपणाशी येऊन उभे राहत, वास घेत, आणि 'आम्हाला चालत नाही ना' म्हणून हळहळत. गुरुवारी त्यांनी कुंपणावरून विचारलं, "किती उरले?"

"निम्मे," भाऊ म्हणाले. त्यांना आता बोलतानाही धाप लागत होती.

"मग काही खरं नाही, भाऊ. रोट तर कमी करता येत नाहीत. भाऊबंद वाढवा!" असं म्हणून जीवरामभाऊ स्वतःच्याच विनोदावर खो खो हसत घरात गेले.

भाऊ मात्र हसले नाहीत. ते तसेच आत आले. पंगत बसली होती, कोकिळाबाई वाढत होत्या. एव्हाना त्यांच्याही लक्षात सगळं आलं होतं. वाढताना त्या टोपली किती हलकी झाली ते दर वेळी हाताने तोलून बघत होत्या. ते भाऊंना पाहवेना. पानावर न बसता ते उभ्या उभ्याच म्हणाले, "काकू, हे रोट देवीने वाढवलेले नाहीत. माझी चूक झाली. मी प्रोग्रॅममध्ये परात रिकामी केली नाही."

सगळे जेवायचे थांबले. काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "प्रेम्या," त्या म्हणाल्या, "इतलं मोठं काम तुना हातनं व्हई का? कानबाईनं काम शे हाई. बस, खाय."

"अहो पण खरंच माझी—"

"भाऊ, देवीचं श्रेय घेऊ नये," भाईदासने सुनावलं. भाऊंनी सारिकाकडे पाहिलं. ती बिचारी उठून म्हणाली, "काकू, पप्पा खरं सांगताहेत. चूक त्यांचीच आहे, मी पाहिलीय." पण कुणी मनावर घेतलं नाही. आयुष्यात एकदा कबूल केलेली चूकही आपल्या नावावर लागत नाही, याचं भाऊंना फार लागलं. पण मुख्य बोलायचं अजून राहिलंच होतं. त्यांनी धीर केला.

"काकू, आपली चारच घरं नाहीत. यावलला पाचवं घर आहे."

पंगतीत कुणीतरी हातातली वाटी खाली ठेवली. यावलच्या बोरशांचं नाव त्या घरात कुणी काढत नसे. का, ते तरुण मंडळींना ठाऊकही नव्हतं. जात नाहीत, येत नाहीत, एवढंच. काकूंनी प्लास्टरच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तवय मी नवी नवरी व्हतू. टोपली मनाच हातमा व्हती. यावलना रोहिदासनी गाडी उशिरा उनी. पान मांडं, त्याले बसाडं, आनि टोपलीमा हात घाला ते रोट सरेल. बठ्ठासना देखत, भरेल पंगतमाईन तो उपाशी उठना. परत उना नही." त्यांनी पदराने डोळे पुसले. "जाय. बलाई आन."

शुक्रवारी मेघाने स्कूटी काढली आणि बापाला मागे बसवून तापीचा पूल ओलांडून यावलला नेलं. तिने एकदा विचारलं, "पप्पा, काय सांगणार त्यांना?" भाऊ म्हणाले, "तेच ठरवतोय." पण यावल आलं तरी ठरलं नव्हतं.

रोहिदास आबा अंगणात खाटेवर बसलेले होते. वय झालेलं, पण पाठ ताठ. मागे केळीची बाग हिरवीगार. भाऊंनी पाया पडून नाव सांगितलं. आबांनी 'बस' म्हटलं नाही. आता अशा वेळी माणसाने काहीतरी गोड बोलावं, दर्शनाला या म्हणावं, देवीची इच्छा म्हणावं. पण भाऊंना ते जमेना. त्यांच्या तोंडून सरळच निघून गेलं, "आबा, कानबाईचे रोट उरलेत. माझ्या हिशेबाची चूक झाली. उद्या पौर्णिमा आहे आणि संपवायला माणसं कमी पडताहेत."

उरलेलं खायला या, असं आमंत्रण त्या घरात याआधी कुणी दिलं नसेल. आतून आलेली आबांची सून दारातच थबकली. मेघाने स्कूटीची किल्ली घट्ट धरली. आबा भाऊंच्या तोंडाकडे पाहत राहिले, पाहत राहिले, आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. हसता हसता त्यांना ठसका लागला, सुनेने पाणी आणलं. "तवय रोट कमी पडनात," ते म्हणाले, "आते मानसे कमी पडनात का रे?"

"हो आबा."

"तुना हिसाबनी चूक?"

"माझीच आबा. दुसऱ्या कुणाची नाही."

आबांनी खाटेवर सरकून जागा केली. "बस," ते म्हणाले. भाऊंना इतकं बरं वाटलं, की ते चहासुद्धा दोनदा प्यायले.

पौर्णिमेला सकाळीच भाऊबंदांच्या लग्न झालेल्या बहिणी राख्या घेऊन आल्या, आणि भावांच्या पोटांकडे बघून तोंडाला पदर लावून हसू लागल्या. दुपार कलली तरी यावलचा पत्ता नव्हता. कोकिळाबाई दहा वेळा फाटकापर्यंत जाऊन आल्या. "येतील ना हो?" त्या विचारायच्या, आणि भाऊ "येतील" म्हणायचे. ऊन उतरायला लागलं तेव्हा कोपऱ्यावर टेम्पो वळला. त्यातून माणसं उतरतच राहिली. मुलगे, नातू, सुना, कडेवरची पोरं, आणि शेवटी, दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून रोहिदास आबा. कोकिळाबाई धावत पुढे गेल्या, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तिथेच आबांच्या पायाशी बसून ढसाढसा रडल्या. आबा म्हणाले, "रडू नको पोरी. भूक लागनी शे. पान वाढ."

यावलच्या पोरांनी टोपल्यांना जो हात घातला, त्याला तोड नव्हती. सहा दिवस रोट खाऊन विटलेल्या सुरतवाल्यांना त्यांचं खाणं बघूनच नवी भूक लागली. तेही परत पानावर बसले. जिन्याखालच्या टोपल्या गेल्या, माजघरातल्या गेल्या. सारिका वाढत होती, मेघा तूप घेऊन फिरत होती. आबांनी तिला थांबवलं. "तू कोनी?"

"प्रेमराजची."

"लगीन ठरनं का?" ती लाजून हो म्हणाली. "मंग पुढला साल तुले चालाव नही. बस आठे." त्यांनी तिला आपल्या शेजारी पानावर बसवलं आणि आपल्या पानातला अर्धा रोट मोडून तिच्या पानात ठेवला. मेघा खाली मान घालून खात होती. समोर भाऊ वरणाचं भांडं धरून उभे होते, ते त्यांनी उगाच खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं.

भिकुबाई काकू भिंतीला टेकून सगळं बघत होत्या. मग त्या उठल्या. चांगल्या हाताने शेवटची टोपली कडेवर घेतली आणि कुणाचं न ऐकता स्वतः पंगतीत आल्या. वाकता येत नव्हतं, तरी वाकल्या. आबांच्या पानात एक रोट वाढला. ते खाईपर्यंत थांबल्या, दुसरा वाढला. आबा हळूहळू खात होते, दात नव्हते, तुपात बुडवून खात होते. पंगतीतल्या बाकीच्यांची पानं केव्हाच स्वच्छ झाली होती, पण कुणी हललं नाही. काकूंनी टोपली कलती करून दाखवली. तळाशी राहिलेला चुरासुद्धा त्यांनी बोटांनी गोळा करून आबांच्या पानात घातला. आबांनी तो खाल्ला, बोटं चाटली, आणि मान वर करून काकूंकडे पाहिलं.

"वहिनी, आते उठू का?"

काकूंनी रिकामी टोपली छातीशी धरली.

"ऊठ भाऊ," त्या म्हणाल्या. "आते ऊठ."